लाइट आली, पण कॉम्प्युटर चालू होईना? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

तुमच्या मोबाइलला लाइट गेलेली कळतच नाही. घरात अंधार झाला तरी रील चालूच राहते, फार तर वायफाय जातं आणि मोबाइल डेटा सुरू होतो. मोबाइलला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे एका अर्थाने त्याच्या पोटातच यूपीएस असतो. लॅपटॉपचंही तसंच. डेस्कटॉपला ही सोय नाही. भिंतीतला करंट थांबला की तो जागच्या जागी बंद पडतो. त्या क्षणी तो टॅलीची एंट्री सेव्ह करत असो की विंडोजचं अपडेट टाकत असो, त्याला कोणी विचारत नाही.

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात मी घरातले आणि छोट्या ऑफिसांतले कॉम्प्युटर बघायला जातो. जून ते ऑक्टोबर या दिवसांत येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: "काल लाइट गेली होती, तेव्हापासून चालू होत नाहीये." आणि लगेच दुसरं: "एकाला दाखवला, तो म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल." हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे. फॉरमॅट हा कॉम्प्युटरवरचा उपाय असतो, तुमच्या फायलींवरचा नाही. मोबाइल रीसेट केला तर गुगलवरून फोटो परत येतात. घरातल्या डेस्कटॉपवरचे दहा वर्षांचे हिशेब तसे परत येत नाहीत.

लाइट जाणं म्हणजे फक्त आपल्या गल्लीतला फ्यूज उडणं असंही नसतं. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज एकदम गेली. लोकल जागेवर थांबल्या, मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बिघाड आपल्याच जिल्ह्यातला, कळवा आणि पडघा इथल्या ४०० केव्ही यंत्रणेतला. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी यामागे सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचं सांगितलं. तो वाद त्यांच्यापाशी. लॉकडाऊनचे दिवस होते, ऑफिसचे डेस्कटॉप घरच्या डायनिंग टेबलावर आले होते आणि त्यातल्या पुष्कळांना यूपीएस नव्हता. त्या एका मिनिटात एवढ्या मोठ्या भागातले डेस्कटॉप एकदम बंद पडले.

तर आधी आत काय होतं ते समजून घेऊ.

कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला जो पंख्याचा चौकोनी भाग असतो तो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू काडेपेटीएवढी चिप असते, पण दुकानात भांडत बसू नका, त्यांना कळतं.) हा एसएमपीएस २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून मदरबोर्डला देतो. त्याच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. पूर्ण लोडवर ती साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. थोडक्यात, एक आवर्तनसुद्धा चुकलं तर कॉम्प्युटर बंद पडू शकतो. ट्यूबलाइट नुसती लुकलुकते आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो, ते यामुळे.

लाइट जाण्यापेक्षा येणं जास्त त्रासदायक असतं. लाइट परत येते तेव्हा बिल्डिंगमधले सगळे फ्रिज, पंप, एसी एकदम ओढायला लागतात. व्होल्टेज खाली-वर होतं, कधीकधी दोन मिनिटांत तीनदा जाऊन येतं. त्या काळात तुमचा कॉम्प्युटर आपोआप चालू होत असेल तर तो प्रत्येक वेळी अर्ध्यापर्यंत जाऊन पुन्हा पडतो. असं होत असेल तर बायोसमध्ये "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा त्यासारख्या नावाची सेटिंग शोधा आणि ती "पॉवर ऑफ" वर ठेवा. नाहीतर सरळ भिंतीवरचं बटण बंद करा आणि लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबा. चहा घ्या.

कॉम्प्युटर कुठपर्यंत जातो ते बघा

"चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात, आणि ते वेगळे करायला तुम्हाला इंजिनिअर लागत नाही. बटण दाबल्यावर काहीच होत नाही? पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? की कंपनीचा लोगो दिसतो, पण विंडोज येत नाही? फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

काहीच होत नसेल तर आधी त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा. हसू नका, एक्स्टेंशन बोर्डाचं बटण बंद असल्यामुळे मी डोंबिवली पश्चिमेला भर पावसात दोनदा गेलोय. बोर्ड ठीक असेल तर कॉम्प्युटरची पिन काढा आणि डब्यावरचं पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकलेला चार्ज त्याने निघून जातो. कधीकधी व्होल्टेजच्या झटक्यानंतर एसएमपीएस स्वतःला वाचवायला लॉक होऊन बसतो, तो यानंतर सुटतो. पिन परत लावून बघा. तरीही ढिम्म असेल तर बहुतेक एसएमपीएस गेलाय, आणि ही वाईटातली चांगली बातमी आहे. तो बदलता येतो आणि त्याचा तुमच्या डेटाशी संबंध नसतो. फक्त तो स्वतः उघडू नका. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक देण्याइतकी वीज राहते.

पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी आहे, ही पावसाळ्यातली सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात मे महिन्यात सुट्टीला गावी गेल्यामुळे कॉम्प्युटर महिनाभर बंद. रॅमच्या पट्टीच्या पिनांवर बारीक थर बसतो आणि संपर्क तुटतो. पिन काढा, आधी डब्याच्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल, मग रॅम काढून तिच्या सोनेरी पिना शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंना "टक" आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. काढण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा, कोणती पट्टी कुठल्या खाचेत होती ते नंतर आठवत नाही. नव्या मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असं त्यांच्याशेजारी लिहिलेलं असतं. जो दिवा लागून राहतो तिथे गाडी अडली आहे असं समजा. पावसाळ्यात कॉम्प्युटर वापरत नसलात तरी रोज अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब दमटपणा घालवते.

पन्नाशीच्या आतली बॅटरी आणि "हार्डडिस्क गेली"

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑफिसमध्ये हिशेबाचा एकच कॉम्प्युटर होता. शटडाऊनमध्ये चार-पाच तास लाइट नव्हती. लाइट आल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा मेसेज. आधी आलेल्या माणसाने निदान केलं होतं: हार्डडिस्क गेली, नवी टाकू, विंडोज नव्याने टाकू. महिन्याची १८ तारीख, जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेला भरायचं, आणि एप्रिलपासूनचा सगळा टॅलीचा डेटा त्याच डिस्कवर. मालकांचा चेहरा उतरलेला. हिशेब बघणारी मुलगी सारखी विचारत होती, "दादा, डेटा तरी मिळेल ना?"

मी बायोस उघडलं. तिथे दोन गोष्टी दिसल्या. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, १ जानेवारीवर. आणि डिस्कचं नाव, मॉडेल नंबरसकट, यादीत व्यवस्थित हजर. हार्डडिस्क खरंच पूर्ण मेली असती तर तिचं नाव तिथे आलंच नसतं.

झालं होतं असं. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यापेक्षा आकाराने जराच कमी अशी एक चपटी बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग तिच्यावर टिकतात. ही बॅटरी काही वर्षांनी संपते, पण संपल्याचं लगेच कळत नाही, कारण भिंतीतला करंट चालू असेपर्यंत कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएस मदरबोर्डला थोडी वीज पुरवत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. महिनोन्‌महिने सगळं ठीक. मग एक दिवस चार तास लाइट जाते, दोन्ही आधार सुटतात आणि मदरबोर्ड सगळं विसरतो. त्या ऑफिसातलं विंडोज जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने टाकलेलं होतं. सेटिंग विसरल्यावर बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेलं आणि ते फक्त नव्या, यूईएफआय पद्धतीने बूट करायला बघत होतं. डिस्क समोर होती, पण त्याला ती वाचायची कशी हे माहीत नव्हतं.

नवी बॅटरी टाकली, सीएसएम नावाची सेटिंग चालू केली, तारीख बरोबर केली आणि विंडोज आलं. वीस मिनिटंही लागली नाहीत. बॅटरी पन्नास रुपयांच्या आत मिळते.

असं काही दिसलं तर तारीख ही सगळ्यात मोठी खूण. कॉम्प्युटर चालू झाला, पण प्रत्येक वेबसाइट "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असं म्हणत असेल, तर व्हायरस शोधण्याआधी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं प्रमाणपत्र असतं. कॉम्प्युटरला वाटतंय आज कित्येक वर्षांपूर्वीची तारीख आहे, म्हणून त्याच्या मते ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. बँक, जीएसटी पोर्टल, जीमेल, सगळं अडतं. चालू होताना एफ१ दाबायला सांगत असेल तरी संशय याच बॅटरीवर घ्या.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. अलीकडच्या विंडोज ११ च्या मशीनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर हे तुमच्या नकळत होतं. मग बायोसमध्ये सेटिंग बदलली की बिटलॉकरची निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मिळाली नाही तर तुमचा डेटा मी, दुकानदार किंवा मायक्रोसॉफ्ट, कोणीच उघडू शकत नाही. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. आजच मोबाइलच्या ब्राउझरमधून तिथे लॉगिन करून डिव्हाइसेसच्या पानावर आपल्या मशीनच्या नावाखाली ती आहे का बघा आणि कागदावर लिहून घ्या. घरातल्या कोणाच्या अकाउंटने मशीन सुरू केलं होतं तेही आठवा. पुष्कळदा ते दादाचं कॉलेजचं अकाउंट निघतं, आणि कॉलेज संपून तीन वर्षं झालेली असतात.

लोगो येतो, विंडोज येत नाही

गोल गोल फिरतं आणि "ऑटोमॅटिक रिपेअर" येतं. इथे घाबरून लोक "रीसेट धिस पीसी" वर जातात. थांबा. विंडोजचा नियम असा आहे की लागोपाठ दोनदा सुरू होणं अर्धवट राहिलं, की पुढच्या वेळी ते रिपेअरच्या स्क्रीनवर जातं. लाइट दोनदा येऊन गेली तरी त्याला वाटतं, आपणच आजारी आहोत. म्हणून आधी ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन साधं "कंटिन्यू" करून बघा. नाही झालं तर "स्टार्टअप रिपेअर", मग "अनइन्स्टॉल अपडेट्स" मधून शेवटचं अपडेट काढणं, मग "सिस्टिम रिस्टोअर". रीसेट सगळ्यात शेवटी, आणि त्यातलं "रिमूव्ह एव्हरीथिंग" तर डेटा दुसरीकडे काढल्याशिवाय नाहीच.

स्क्रीनवर एरर येऊन क्षणात जात असेल तर मोबाइलने स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि थांबवून वाचा. तो "स्टॉप कोड" मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर पाठवलात तर त्याचा अर्धा तास वाचतो. नव्या विंडोज ११ मध्ये ती प्रसिद्ध निळी स्क्रीन आता काळी झाली आहे, तेव्हा काळी दिसली म्हणून मॉनिटर बदलायला धावू नका.

फायलींचं काय होतं ते थोडं नीट सांगतो, कारण इथेच नुकसान होतं. विंडोजची एनटीएफएस ही फाइल पद्धत एक रोजनिशी ठेवते: कोणती फाइल कुठे आहे, काय बदलायला घेतलं होतं. लाइट गेली तर पुढच्या वेळी ती रोजनिशी वाचून डिस्कची मांडणी पुन्हा जुळवते. पण ती मांडणी वाचवते, फाइलमधला मजकूर नाही. म्हणून एक्सेलची फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर दिसतो, आणि उघडल्यावर आत काहीच नसतं. लाइट गेल्याच्या क्षणी उघडी असलेली प्रत्येक फाइल कॉम्प्युटर चालू झाल्यावर आधी उघडून तपासा, बॅकअपवर तीच खराब फाइल चढण्याआधी.

डिस्क तपासायची असेल तर सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. पण डिस्कमधून टिक-टिक किंवा खरखर आवाज येत असेल, किंवा एक फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, तर हे करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला तपासणीची धावपळ सोसत नाही. तिच्यातला मोजका श्वास कॉपी करायला वापरा. उबुंटूसारख्या लिनक्सचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवून त्यावरून मशीन चालू करता येतं, विंडोज न उठवता. आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, मग टॅलीचा डेटा फोल्डर, फोटो सर्वांत शेवटी. पाणी शिरलेल्या मशीनलाही हेच लागू. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि नंतर जुलै २०१९ मध्ये, बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा, उल्हास नदीच्या काठच्या कितीतरी तळमजल्यांत पाणी होतं. भिजलेली डिस्क "बघू तरी" म्हणून चालू केली की तिची वाचण्याची शक्यता संपते. पिन काढा, डिस्क बाहेर काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. तांदळात ठेवून काही होत नाही, मोबाइलचंही नाही.

यूपीएस आहे, पण आहे का?

अर्ध्या घरांत यूपीएस असतो आणि तरीही लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते आणि पुढे तो फक्त महागडा एक्स्टेंशन बोर्ड उरतो. तपासायला सोपं आहे: सगळं सेव्ह करा, सगळ्या फायली बंद करा आणि यूपीएसची भिंतीकडची पिन काढा. पाच मिनिटं टिकला तर ठीक, लगेच पडला तर बॅटरी बदला. छोट्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यावर लेझर प्रिंटर लावलात तर प्रिंट काढताक्षणी सगळंच बसेल.

कल्याण-डोंबिवलीत घरोघरी इन्व्हर्टर असतो, मग यूपीएस कशाला? बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो. पंख्याला चालतं, कॉम्प्युटरला नाही. १६ मिलिसेकंदांचं गणित आठवा. तो स्विच यूपीएसवर करा, तेवढ्याने पुष्कळांचा प्रश्न सुटतो.

शेवटचं, अर्थिंग. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील किंवा टेस्टर लागत असेल तर "असंच असतं हो" म्हणून सोडू नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा असतो. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगच नसतं किंवा कोणीतरी तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घुसवलेला असतो. हे काम माझं नाही, इलेक्ट्रिशियनचं आहे, आणि त्याला आजच बोलवा. रिपेअरवाल्याला मशीन द्याल तेव्हा पावतीवर त्याच्याकडून एवढंच लिहून घ्या: "विचारल्याशिवाय फॉरमॅट करणार नाही, जुनी डिस्क परत मिळेल." आणि डिस्कवरच्या स्टिकरचा, सीरियल नंबर वाचता येईल असा, फोटो काढून ठेवा.